नजर जाईल तिथे हात

आमच्या वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या घरात तबला नव्हता, पण ठेका होता. बाबा चहाचं आधण ठेवायचे आणि ते उकळेपर्यंत साखरेच्या डब्याच्या झाकणावर त्यांची बोटं चालायची. पुण्यात असताना ते तबला शिकले होते. पुढे शिक्षण, नोकरी आणि हा देश यांत तबला सुटला, बोटांनी मात्र तो सोडला नाही. घर डोंगराच्या उताराला होतं, पत्र्याच्या छपराचं. सकाळी दरीत इतकं धुकं भरलेलं असायचं की खालून जाणारी वेलिंग्टनची गाडी नुसती ऐकू यायची, दिसायची नाही. मी दुलईत पडल्या पडल्या आधी गाडी ऐकायची, मग डब्याचं झाकण, मग आईचा आवाज, "अहो, ताल राहू दे, दूध उतू जातंय." दूध रोज उतू जायचं आणि बाबा रोज म्हणायचे की समेवर आल्याशिवाय कसा थांबणार. आई हसायची नाही, पण रागवायचीही नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी दूध असंच तालात उतू जात असणार.

आई किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, शिकवायची. तीन-चार वर्षांच्या पोरांना कातरकाम, चिकटकाम आणि गाणी. घरी आल्यावरही तिच्या बोटांना गोंद असायचा आणि तो काढत काढत ती मला दिवसभराच्या कागाळ्या सांगायची. ती मराठीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बाबा दोघींच्या मध्ये बसून मान डोलवायचे. बाबा फार्मसिस्ट होते. दुकान दुसऱ्याचं होतं, पण आम्ही त्याला 'आपलं दुकान' म्हणायचो. शाळा सुटली की मी तिथे जायची आणि सनस्क्रीनच्या मांडणीजवळच्या खुर्चीवर बसून गृहपाठाचं सोंग करायची. खरं म्हणजे मी बाबांचे हात बघायची. समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याची हकीकत ऐकत असताना त्यांची नजर बाईंवरून हलायची नाही आणि हात मात्र मागच्या खणांमधून नेमकं हवं ते पाकीट काढून आणायचा. मी दारातून आत आले की घंटी वाजायची, बाबा मान वर करायचे, माझ्याकडे बघायचे, आणि बघता बघताच त्यांचा हात काउंटरखालच्या काचेच्या बरणीत जाऊन एक बार्ली शुगर काढायचा. पिवळी, पारदर्शक, दाताला चिकटणारी गोळी. मी दहावीच्या वयाची घोडी झाले होते तरी ती मला रोज मिळायची आणि मी रोज "आय अ‍ॅम नॉट अ बेबी" म्हणून ती तोंडात टाकायची.

त्या दिवसांत डेअरीवाल्यांना, म्हणजे इथल्या छोट्या किराणावाल्यांना, लुटल्याच्या बातम्या सारख्या यायच्या. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या पटेलकाकांनी काउंटरला जाळी लावून घेतली होती आणि आता जाळीतून दूध द्यायला लाज वाटते असं ते म्हणायचे. पण औषधांच्या दुकानात कोण येतंय, असं आमचं आपलं चाललेलं. एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला एक मुलगा आला. राखाडी हूडी, टोपडं कपाळापर्यंत ओढलेलं, हातात हातोडी. सुताराची साधी हातोडी, लाकडी दांड्याची. त्याला झोपेच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या हव्या होत्या. बाबा जागचे हलले नाहीत. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि त्याने हातोडी माझ्या डोक्यावर उगारली. मला आठवतं ते इतकंच की त्याच्या पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला, होत्या आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. बाबांनी खण उघडून सगळं पिशवीत भरून दिलं. तो गेला. घंटी वाजली, नेहमीसारखीच. माझ्या केसालाही धक्का लागला नव्हता.

त्या दिवसापासून डब्याचं झाकण वाजेनासं झालं. दूध वेळेवर उतरायला लागलं आणि आईला ते आवडलं नाही. दुकानात बाबांनी मागच्या बाजूला, पडदीच्या आड बसायला सुरुवात केली. पुढे एक नवी मुलगी उभी राहायची. मी गेले की बाबा आतून "आलीस का?" म्हणायचे. बरणी होती तिथेच होती. मला हात घालून गोळी घेता आली असती, कुणी अडवलं नसतं, पण मी घेतली नाही. मला ती बाबांच्या हातून हवी होती. सगळे म्हणायचे, बाबांनी योग्य तेच केलं. पोलीस म्हणाले, मालक म्हणाले, पुण्याहून काकाही फोनवर म्हणाला. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तो तिच्याकडे वळला आणि मी खण उघडत बसलो." मला फक्त माझे जुने बाबा परत हवे होते आणि ते कुठून आणायचे हे मला कळत नव्हतं.

ग्रॅहम नावाचे एक गृहस्थ दर महिन्याला ब्लड प्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचे. सत्तरीचे, उंच, कानात केस. त्यांनी बाबांना पडदीआड बसलेलं पाहिलं आणि म्हणाले, "मेट, शनिवारी माझ्याबरोबर चल." ते पिस्तूल क्लबचे जुने सभासद होते. गोर्सच्या पिवळ्या झुडपांनी भरलेल्या दोन टेकड्यांच्या मध्ये त्यांची रेंज होती. पहिल्याच शनिवारी आई आणि मी पण गेलो. आईने डब्यात थालीपीठं घेतली होती, कारण घराबाहेर कुठेही जायचं म्हणजे थालीपीठं, मग ते समुद्रावर असो की गोळीबाराला. कानांवर जाड मफ घातले की सगळा डोंगर लांब जायचा. धूर दिसायचा, पक्षी उडायचे, आणि आवाज छातीत फक्त हलका धक्का देऊन जायचा. मला ते सगळं खोल पाण्यात असल्यासारखं वाटायचं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

लांबच्या निशाणावर बाबा अगदीच कच्चे होते. नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो त्याला बाबा माशी म्हणायचे. त्यांच्या चष्म्याला दोन भिंगं होती. वरच्यातून बघितलं की माशी पुसट, खालच्यातून बघितलं की निशाण गायब. आता माझ्याही चष्म्याला तशीच भिंगं आली आहेत आणि जिना उतरताना मला बाबांची ती वर-खाली होणारी मान रोज आठवते. मग एका शनिवारी ग्रॅहमनी निशाण उचलून अगदी जवळ, चार पावलांवर आणून ठेवलं आणि बाबांना सांगितलं की माशी विसर. जिथे गोळी जायला हवी तिथे फक्त बघ, दोन्ही हात वर येऊ देत, हात नजरेच्या मागून आपोआप जातील. बाबांनी बघितलं. हात गेले. सगळी भोकं एका बशीएवढ्या जागेत पडली. ग्रॅहमनी शिट्टी वाजवली. "स्वीट अ‍ॅज! हे तू शिकून आलायस कुठून?" बाबांनी खांदे उडवले. मला माहीत होतं कुठून. खणांमधून, बरणीतून आणि साखरेच्या डब्यावरून. त्या दिवशी परत येताना बाबा गाडीत बोलत होते, हसत होते, उरलेली थालीपीठं एका हाताने खात होते, आणि मागच्या सीटवर मला वाटलं की झालं, आले माझे बाबा.

ग्रॅहमनी त्यांना घरी सरावासाठी एक लाकडी पिस्तूल करून दिलं. रिमूच्या लाकडाच्या मोडक्या पलंगाच्या पायापासून कोरलेलं, तांबूस, जड, तेल पाजलेलं. त्याला माशी मुद्दामच ठेवली नव्हती. आमचं गॅरेज घरापासून सुटं होतं. गाडी बाहेरच असायची. आत फ्रीझर, कपडे धुण्याचं यंत्र, त्याच्या शेजारी लाँड्रीचा मोठा टब आणि तांदळाच्या गोणी. कामावरून आले की बाबा तिथे जायचे. पत्र्यावर पाऊस वाजायचा, फ्रीझर गुणगुणायचा, आणि बाबा गोणीपाशी उभे राहून भिंतीवरच्या कागदाकडे बघायचे आणि हात वर करायचे. बघायचे, हात वर. बघायचे, हात वर. मी यंत्रावर बसून पाय हलवत बघायची. त्या संध्याकाळी कधी सुरू व्हायच्या आणि कधी संपायच्या हे आता सांगता येत नाही. ओल्या लोकरीचा, साबणाचा आणि लाकडाच्या तेलाचा मिळून एक वास होता. मला अजून तो कधी कधी येतो, अगदी इथे हॅमिल्टनला, भर उन्हात. पुढे भिंतीवरचा कागद गेला आणि तिथे कपडे वाळवायच्या घोड्यावर एक राखाडी हूडी आली. ती बाबांनी कुठून आणली हे मी विचारलं नाही. आई एकदा दारात येऊन उभी राहिली, तिने हूडी बघितली आणि म्हणाली, "अहो, हा खेळ आहे ना?" बाबा म्हणाले, "खेळच आहे." आणि हात वर केला.

इथला कायदा असा की पिस्तूल हवं तर क्लबात नेमाने जायचं, घरात तिजोरी बसवायची, आणि पोलिसांतर्फे कुणीतरी घरी येऊन तुमची आणि घरच्यांची गाठ घेणार. खेळासाठी हवं असेल तर ठीक. जिवाच्या रक्षणासाठी हवं म्हणालात की विषय संपला. बाबांनी आम्हा दोघींना जेवायच्या टेबलावर बसवून सांगितलं, "कुणी विचारलं तर खेळासाठी म्हणायचं. बाकी काही नाही." आईने ताटातली कोशिंबीर उगाच इकडची तिकडे केली. मी म्हणाले, "बट इट्स नॉट ट्रू, बाबा." ते म्हणाले, "मनू, खरं आहे असं मी म्हटलंय का? म्हणायचं असं म्हटलंय." आमच्या घरात खोटं बोलायची पद्धत नव्हती असं नाही. काकाने आवडीने पाठवलेला शर्ट बाबांना ढगळ होतो हे कुणी त्याला कळवलं नव्हतं. पण असं ठरवून, पाठ करून, कधी नव्हतं.

भेटीचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या आईची खंडेनवमी म्हणजे घरातल्या सगळ्या हत्यारांना सुट्टी. ती पाटावर स्वच्छ कापड घालायची आणि त्यावर सुरी, कात्री, बाबांची गोळ्या मोजायची पट्टी, तिची चिकटकामाची गरम गोंदाची बंदूक, माझा शाळेचा लॅपटॉप असं सगळं ओळीने मांडून हळदीकुंकू वाहायची. दसऱ्याच्या पूजेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. भाजी चिरायची नाही, म्हणून आदल्या रात्रीच भेंडी चिरून ठेवलेली. त्या वर्षी तिने बाबांचं लाकडी पिस्तूल आणून मधोमध ठेवलं. "इतकी वर्षं शस्त्र म्हणून सुरीवर भागवलं. आता घरात आहे तर नको मांडायला?" असं म्हणून तिने त्याच्यावर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. तिने तो मनापासून केला. मला वाटतं, तिला त्या वस्तूची भीती वाटत होती आणि भीती वाटते त्याला आधी नमस्कार करायचा, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं होतं.

दुपारी झिमझिम पाऊस होता. दसऱ्याच्या श्रीखंडासाठी दही मलमलीत बांधून लाँड्रीच्या नळाला टांगलेलं होतं. आई म्हणाली, "मनू, जा गं, चक्का घट्ट झालाय का बघ, झाला असला तर घेऊन ये." मी दारामागची माझी शाळेची हूडी अंगात घातली, पावसासाठी टोपडं कपाळापर्यंत ओढलं आणि पातेलं घेऊन अंगण ओलांडलं. गॅरेजचं दार ढकललं. आत टबात थेंब पडत होते, टप, टप. आणि बाबा वळले.

त्यांचे दोन्ही हात वर होते आणि लाकडी पिस्तूल माझ्या छातीच्या बरोबर मध्यावर होतं. माशी नाही, नेम नाही, डोळा बारीक करणं नाही. जितका वेळ त्यांना बरणीतून गोळी काढायला लागायचा तितक्याच वेळात ते झालं होतं. पिस्तुलावर आईने ओढलेलं कुंकू तसंच होतं आणि बाबांच्या अंगठ्याला ते लागलं होतं. पाटावरचं उचलायचं नसतं हे त्यांना माहीत होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या भेटीच्या काळजीने त्यांना घरात बसवेना. मी टोपडं मागे केलं. "बाबा, इट्स मी." त्यांचे हात खाली येईनात. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना मी दिसत होते, आणि तरीही हात खाली येत नव्हते. त्या मुलाच्या हातोडीची मला भीती वाटली होती, पण ती परक्याची भीती होती. या लाकडाची जी भीती वाटली ती मी त्याआधी आणि त्यानंतर कधीच अनुभवली नाही. मी आईला हाक मारली नाही. पातेलं घट्ट धरून उभी राहिले.

शेवटी बाबांनी ते यंत्रावर ठेवलं आणि तांदळाच्या गोणीवर बसले. म्हणाले, "मी बघितलं नाही गं. टोपडं तेवढं दिसलं. हात आधी गेला, बघितलं मग." एवढं बोलून त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले, थंडीत मुलं घालतात तसे. मी मलमलीची गाठ सोडली, चक्का पातेल्यात काढला. चांगला घट्ट झाला होता. मी त्यांच्यासमोर पातेलं धरलं आणि मराठीत म्हणाले, "चला ना घरात." मला वाटतं, कितीतरी महिन्यांत मी त्यांच्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. ते उठले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांतर्फे आल्या त्या बाईंचं नाव नायरी होतं. मोठ्या बांध्याच्या, शांत, पांढऱ्या केसांचा अंबाडा. "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून त्यांनी दारातच बूट काढले, कुणी न सांगता, आणि आईच्या मनात तिथेच जागा मिळवली. त्यांनी तिजोरी बघितली, बाबांशी बोलल्या, मग म्हणाल्या की घरच्यांशी स्वतंत्र बोलायचंय, आणि स्वयंपाकघरात आल्या. आई पुऱ्या तळत होती. मी श्रीखंडात वेलदोडा घालत होते. बाबा बाहेरच्या खोलीत, हातावर हात ठेवून. बाईंनी अगदी हळू विचारलं, "तुमच्या नवऱ्याला पिस्तूल कशासाठी हवंय असं तुम्हाला वाटतं?" आईने पुरी तेलात सोडली. ती फुगली. आईने ती उलटली नाही. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. पाठ केलेला शब्द दोघींच्याही तोंडाशी होता आणि पुरी तेलात तांबूस, मग तपकिरी, मग काळी होत चालली होती. आईला मी पुरी जाळताना आयुष्यात तेव्हा एकदाच पाहिलं.

"तिला नका विचारू," बाबा दारात येऊन म्हणाले. ते इंग्रजीतच बोलले, सावकाश, दुकानात औषध कसं घ्यायचं ते समजावतात तसे. "मी खेळासाठी म्हणणार होतो. दोघींनाही तेच सांगून ठेवलं होतं. एका माणसाने माझ्या मुलीवर हातोडी उगारली होती. मला तो परत आला तर हवं होतं. काल मी तेच माझ्या मुलीवर रोखलं. लाकडाचं होतं म्हणून ती इथे उभी आहे." स्वयंपाकघरात जळकट वास पसरला होता. नायरीबाई म्हणाल्या, "मग मला हो म्हणता येणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?" बाबा म्हणाले, "हो. म्हणूनच सांगितलं." आईने गॅस बंद केला आणि पदराने डोळे पुसले. मग, पाहुणी घरात आहे आणि सण आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने वाटी भरून श्रीखंड बाईंच्या पुढे ठेवलं आणि म्हणाली, "प्लीज, यू मस्ट ईट."

बाईंनी खाल्लं, परत घेतलं. निघताना आईने मला कुंपणाजवळून कावाकावाची पानं आणायला लावली. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून आमच्या घरी दसऱ्याचं सोनं म्हणजे कावाकावा, बदामाच्या आकाराचं पान, बहुतेक वेळा किडीने भोकं पाडलेलं. मी धडकी पानं शोधत होते तर बाई म्हणाल्या, भोकांचंच दे, आमच्याकडे औषधाला तेच घेतात. बाबांनी ते पान दोन्ही हातांनी त्यांना दिलं. "हे सोनं," ते म्हणाले, आणि बाईंनी ते कोटाच्या वरच्या खिशात जपून ठेवलं.

लाकडी पिस्तूल ग्रॅहमनी परत घेतलं नाही. गोळ्या न्यायला आले तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं. ते बराच वेळ कानातले केस खाजवत राहिले आणि म्हणाले, ठेव तुझ्याकडेच, पलंगाचाच पाय आहे शेवटी. आई दर खंडेनवमीला ते पाटावर मांडत राहिली आणि दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. आता ते माझ्याकडे आहे. माझ्या लाँड्रीच्या नळालाही चक्का टांगलेला असतो आणि तो गळताना ऐकू आला की मी क्षणभर टोपडं मागे करायला हात वर नेते, टोपडं नसलं तरी.

दसरा झाला आणि शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी मी दुकानात गेले. पाऊस होता. हूडीचं टोपडं मी बाहेर फुटपाथवरच मागे केलं, मग थोडी थांबले, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, परत कपाळापर्यंत ओढलं. मला खूप भीती वाटत होती. मी दार ढकललं. घंटी वाजली. काउंटरवर ती नवी मुलगी नव्हती, बाबा उभे होते. त्यांनी मान वर केली. या वेळी त्यांनी आधी बघितलं. टोपड्याच्या आत, माझ्या डोळ्यांत, चांगलं निरखून, सावकाश. आणि मग, माझ्यावरची नजर न काढता, त्यांचा हात काउंटरखाली गेला. बरणीच्या झाकणावर बोटं हलकेच वाजली आणि झाकण उघडलं.